फुआदच्या आईचं मरण

इमारतीचा दरवान गाबिरकाका तिला पाहून खुर्चीवरून उठला, तेव्हाच इग्लालला काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं. एरवी तो कुणासाठीही उठत नसे. रमजानच्या दिवसांत तर दुपारनंतर त्याची मान छातीवर कलंडलेली असे, आणि जाणारायेणारा त्याच्या पायांना वळसा घालून जाई. आज तो उठला, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, मॅडम. हाग्ग फार भला माणूस होता." "तुम्हालाही लाभो," ती म्हणाली. गेल्याच्या घरच्या माणसाने जसं म्हणायचं असतं, अगदी तसं, डोळे खाली घालून. मग ती रस्त्यावर आली, फळवाल्याच्या गाड्याला आणि बेकरीसमोरच्या रांगेला ओलांडून वळणापर्यंत गेली, आणि तिथे तिचे पाय थांबले. हाग्ग कोण? गेला तो शुक्री बदवी. टीव्हीवरच्या मालिकेत तो हजला जाऊन आलेला हाग्ग रिदवान होता आणि ती त्याची बायको, फुआदची आई. खरी बायको समीहा नदीपलीकडे दोक्कीत राहत होती, आणि इग्लाल आत्ता तिलाच भेटायला निघाली होती. गाबिरकाका चुकला हे ठीकच होतं. पण तिने त्याला दुरुस्त केलं नव्हतं. उत्तर तिच्या तोंडातून आपोआप निघालं होतं, आणि ते देताना तिचा डावा हात गळ्याशी गेला होता, मालिकेतल्या डोक्याच्या रुमालाचं टोक धरायला. टोक हाताला लागलंही होतं. कारण हल्ली बाहेर पडताना ती खरोखरच रुमाल बांधत असे. घरात नाही, बाहेर पडताना. त्याने लोकांचं समाधान होई आणि रस्ता लवकर कापला जाई.

टॅक्सीत बसल्यावर तिने तो हात मांडीखाली दाबून ठेवला. बारा वर्षं दर रमजानला 'अत्तरवाल्यांची आळी' रोजा सोडायच्या संध्याकाळच्या तोफेनंतर लागत असे. माणसं पहिला खजूर तोंडात टाकत तेव्हा पडद्यावर फुआदची आई ताटं मांडत असे आणि हाग्ग रिदवान आतून हाक मारत असे, "अगं फुआदच्या आई, माझे दात कुठे ठेवलेस?" देशभर हसू उसळे. शुक्रीचे दात खरे होते, सगळे शाबूत, आणि त्याचा त्याला अभिमान होता. नवव्या रोजाला, चित्रीकरणाच्या सुट्टीच्या दिवशी, तो दाढी करताना न्हाणीघरात पडला आणि संपला. त्याचं काम एकोणिसाव्या भागापर्यंत होऊन ठेवलेलं होतं. म्हणजे त्याला मातीत ठेवल्यानंतरही दहा संध्याकाळी तो घराघरांत येणार होता, दात शोधणार होता, सुनेवर ओरडणार होता. हे आठवलं की इग्लालला रडू येई. पण त्या रडण्याच्या मागे आणखी एक गोष्ट उभी असे, आणि तिची तिला लाज वाटे. शुक्री गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार त्याचा आला नव्हता. पहिला विचार आला होता, आता मला मरू देतील का?

कारण यंदा तिने स्वतःचं मरण मिळवलं होतं. तीन वर्षं मागत होती. निर्माता वजदी दरवेळी तिचा हात हातात घेऊन म्हणे, "पुढच्या वर्षी बघू, माझे आई." शेवटी गेल्या हिवाळ्यात तिने करारावर सही करायचंच नाकारलं, तेव्हा कुठे त्याने मान्य केलं: तिसाव्या भागात, ईदच्या आदल्या संध्याकाळी, फुआदची आई झोपेत जाईल. मग ईदनंतर इग्लाल मोकळी. मोकळी म्हणजे काय, हे कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. सत्तावन्न वर्षांच्या बाईला कोण दुसरी भूमिका देणार आहे? पण तिच्या गावच्या, मिन्याकडच्या बायका मयतात जी गाणी म्हणत, ती तिने वीस वर्षं वह्यांत उतरवून ठेवली होती. ती एखाद्या लहानशा सभागृहात, साठसत्तर माणसांसमोर, रुमालाशिवाय, स्वतःच्या आवाजात म्हणावीत, आणि समोरच्यांपैकी कुणीही अंगाईची फर्माईश करू नये, एवढंच तिला हवं होतं. अंगाई मालिकेतली होती, शीर्षकगीताची. ती तिनेच गायली होती, आणि मागे एकदा ऑपेरा हाऊसच्या लहान दालनात दुसरं काही गायला उभी राहिली, तर तिसऱ्या ओळीला मागून कुणीतरी अंगाईचा सूर धरला होता आणि सगळं दालन गोड हसत त्यात मिसळलं होतं. तिलाही मिसळावं लागलं होतं. तिचा कथासंग्रह निघाला तेव्हा प्रकाशकाने मुखपृष्ठावर तिचा रुमालातला फोटो घातला. पुस्तकांच्या जत्रेत रांग मोठी लागली. पण बायका तान्ही मुलं पुढे करत होत्या, डोक्यावर हात ठेवा म्हणून. एकीने पुस्तक उलटंसुलटं करून विचारलं होतं, "यात मलुखिय्याच्या भाजीची कृती आहे का हो, तुम्ही मालिकेत करता ती?"

नदीवरचा पूल तुंबला होता. उपाशी माणसांचे हॉर्न लवकर वाजतात आणि लवकर थकतात. ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला. दुखवट्याच्या घरचं माणूस बसलंय म्हणून. तिला सांगावंसं वाटलं की लाव रे बाबा. पण रेडिओवर काय लागेल याचा भरवसा नव्हता. एकोणिसाव्या वर्षी ती मिन्याहून आली, वडील रेल्वेत सिग्नलवर होते, घरातून विरोध होता, तरीही आली. पहिल्याच चित्रपटात तिला तीन गाणी मिळाली आणि तिन्ही दुसरीच्या आवाजात झाली. संगीतकार म्हणाला होता, चेहरा उत्तम आहे, आवाजात अजून शेतातली धूळ आहे. चित्रपटगृहात बसून तिने स्वतःचे ओठ परक्या गळ्यावर हलताना पाहिले होते. पुढे धुळीची फॅशन आली, तेव्हा तिचा आवाज एका देखण्या लेबनीज मुलीला दिला गेला. लिहायला लागली तेव्हा तेच. मालिकेचा लेखक मजदी दुसऱ्या वर्षापासूनच तिला म्हणू लागला, फुआदच्या आईचे संवाद तूच बघ, बायका काय बोलतात ते मला कुठे कळतंय. नाव त्याचंच राहिलं. तिला वाईट वाटत नव्हतं, निदान ती तसं म्हणे. फक्त कधीतरी न्हाताना वाटे की आपण एका जागी कधी नव्हतोच. चेहरा एकीकडे, गळा एकीकडे, हात तिसरीकडे; आणि या तिघांची मिळून जी बाई होते ती कुणी पाहिलेली नाही, आपणही नाही.

समीहाच्या घरी दिवाणखान्यात भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या आणि काळ्या कपड्यातल्या वीसपंचवीस बायका बसल्या होत्या. रोजे होते म्हणून दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी नव्हती. कॉफी नसल्यामुळे कुणालाच आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. समीहा दारासमोर बसली होती, लहानखुरी, जाड चष्मा. इग्लाल तिला मिठी मारून शेजारच्या खुर्चीवर टेकली, ही चूक झाली. कारण त्यानंतर ज्या बायका आल्या त्या दारातून थेट इग्लालकडे आल्या. तिचे गाल कवटाळले, "उरलेलं तुला लाभो, बाई," म्हणाल्या, एक तर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली, आणि मग शेजारी बसलेल्या समीहाला, कुणी बहीणबिहीण असेल असं समजून, नुसता हात देऊन पुढे गेल्या. दोघीतिघींना चूक कळली. त्या परत फिरल्या, ओशाळल्या. बाकीच्यांना कळलीच नाही. इग्लाल उठू लागली तशी समीहाने तिची बाही धरली आणि ओठ न हलवता म्हणाली, "बस इथेच. उठलीस तर अजून गोंधळ घालतील." मग इग्लाल बसली आणि रडली. खरंच रडली. शुक्रीबरोबर बारा वर्षं एका पलंगाच्या दोन कडांना पडून तिने गप्पा मारल्या होत्या, दिव्यांची मांडणी होईपर्यंत तो तिला शब्दकोडी घालत असे, त्याच्या पायांना नेहमी निलगिरीच्या तेलाचा वास येई. हे सगळं आठवून ती रडली. पण रडता रडता तिला दिसलं की तिची मान डावीकडे झुकली आहे, दिव्याच्या बाजूला, आणि अश्रू पुसायला ती रुमालाचं टोक वापरते आहे, तळहात नाही. समोरच्या बायका तृप्त होऊन पाहत होत्या. त्यांना हवं ते हेच होतं. तिने मान सरळ केली. सरळ मानेने तिला रडता येईना.

गर्दी ओसरल्यावर समीहा तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर शुक्रीचे सदरे घड्या करून ठेवले होते. समीहाने चष्मा काढून पुसला.

"त्याला वांगं चालायचं नाही," ती म्हणाली. "ओठ सुजायचे. आणि तुझ्या घरी रोज वांगं खायचा."

"ते वांगं नसायचं गं. काकडी रंगवून द्यायचे."

"एवढं मला कुणी सांगितलं नाही कधी." समीहा जराशी हसली, मग थांबली. "अडतीस वर्षं मोजे धुतले त्याचे. कुरकुर नाही करत. पण काल संध्याकाळी तोफ झाली, पोरींनी टीव्ही लावला, मी म्हटलं लावू दे, दिसेल तरी. दिसला. माझ्यासमोर बसून त्याने तुला हाक मारली. काल मारली, आज मारेल, एकोणीस तारखेपर्यंत मारत राहील. सांग, मी रोजा सोडू की त्याच्याकडे बघू?"

इग्लालने पलंगावरून घसरलेली एका सदऱ्याची बाही वर घेतली.

"पुढच्या वर्षी काय करणार तुम्ही?" समीहाने विचारलं.

"पुढच्या वर्षी मी नाहीये. तिसाव्यात मरतेय मी. ठरलंय तसं."

"नक्की?"

"शब्द दिलाय त्यांनी."

समीहाने वरचा सदरा उचलला, उलगडला, परत तशीच घडी केली. "मग मर बाई," ती म्हणाली. "माझ्यावर उपकार होतील. तू राहिलीस तर पुढची दहा वर्षं हाग्ग रिदवानची विधवा तूच. मला बाजारात कुणी विचारणार नाही. मला तसं विचारलेलंही नको आहे, पण…" दारातून कुणीतरी डोकावून म्हणालं, "फुआदच्या आई, तुमची गाडी आली." समीहानेच पुढे होऊन सांगितलं, "येतेय म्हणावं."

वजदी तिला दुसऱ्या दिवशी स्टुडिओत भेटला, शहराबाहेरच्या त्या वाळूतल्या वसाहतीत, जिथे पुठ्ठ्याची अत्तरवाल्यांची आळी बारा वर्षं उभी होती आणि एव्हाना खरी झाली होती. खांबांवर खरी मांजरं झोपत. तो रडून आला होता. शुक्रीवर त्याचं प्रेम होतं, यात खोटं काही नव्हतं. त्याने तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, "तू आता मरायचं नाहीस."

"तुम्ही शब्द दिला होता, उस्ताज़."

"शुक्रीनेही दिला होता ना, तीस भाग करतो म्हणून. एका महिन्यात घरातली दोन माणसं? ईदच्या आदल्या दिवशी? लोक केक समोर घेऊन बसलेले असतील, इग्लाल. थोडी दया कर."

"दया कुणावर?"

"बघ, कशी बोलते. हे मजदीला कधी सुचेल? मजदी तर अलेक्झांड्रियाला बहिणीकडे जाऊन बसलाय, फोन उचलत नाही, म्हणतो माझ्या पेनाने शुक्रीला मारणार नाही. अकरा भाग कोण लिहील? सांग, कोण?" तो पुढे वाकला. "तू लिही. या वेळी नाव तुझं. नावांच्या पाटीवर वेगळी ओळ, एकटीची."

तिला त्या क्षणी जे झालं ते आनंदासारखं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी हे म्हणत होतं, आणि ते म्हणायला शुक्रीला मरावं लागलं होतं. ती म्हणाली, "मी लिहिलं तर ती मरेल." वजदीने हात पसरले, खांदे उडवले. "लिही तुला हवं तसं. लिहून तर आण. बघू." त्या 'बघू'कडे तिने लक्ष द्यायला हवं होतं. पण ती मनात वाक्यं जुळवायला लागलीसुद्धा होती.

नंतरचे दिवस तिने लिहिण्यात घालवले. सकाळी लिहायची, दुपारी तीच पानं सेटवर जायची, शाई वाळायच्या आत माणसं ती पाठ करायची. हाग्ग रिदवान रमजानचा उमरा करून मक्केहून परतताना गेला, असं तिने केलं, म्हणजे प्रेत दाखवावं लागलं नाही. शेवटचा भाग मात्र तिने आधीच लिहून ठेवला होता, पहिल्याच सकाळी, एका बैठकीत. त्यात संवाद जवळजवळ नव्हते. फुआदची आई ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बाहेर धाडते, पलंगाच्या नवऱ्याकडच्या कडेला जाऊन बसते, आणि अंगाई नाही, मिन्याकडचं मयताचं गाणं म्हणते. तिची आत्या रशीदा हे गाणं म्हणत असे, निळा पदर कमरेला बांधून. इग्लाल सहा वर्षांची असताना तिने ते पहिल्यांदा ऐकलं आणि अंथरुणात तोंड खुपसून बसली, भीतीने नव्हे, आपल्यालाही असं येतंय हे कळल्यामुळे. ते तिने आजवर कुठल्याही कॅमेऱ्यासमोर म्हटलं नव्हतं.

*दार उघडं टाकलंय, कुणी विचारेना,*
*तुझ्या वहाणा उन्हात, पाय कुठल्या गावाला.*

ते म्हणून ती आडवी होते आणि जाते. लिहून झाल्यावर तिने वहीवर हात ठेवला. चेहरा तिचा, गळा तिचा, शब्द तिचे, एका जागी, पहिल्यांदा. आणि तेवढ्यासाठी मरावं लागत असेल तर हरकत नव्हती. तिने समीहाला फोन करून एवढंच सांगितलं, "सव्वीस तारखेला मरतेय." "बरं," समीहा म्हणाली. "त्या दिवशी टीव्ही लावू नका म्हणून सांगते पोरींना." "अगं, चित्रीकरण सव्वीसला. लागणार ईदच्या आदल्या दिवशी." "मग त्या दिवशी लावते," समीहा म्हणाली.

सव्वीसाव्या रोजाला, सूर्य मावळायला तासभर असताना, तो प्रसंग घेतला. एकाच फटक्यात घ्यायचा ठरलं होतं. पलंगावरची चादर तीच, शुक्रीच्या बाजूची उशी कुणीतरी मुद्दाम दाबून खळगा केलेली. तिने सुरुवात केली तेव्हा आवाज थोडा खरखरला आणि तिने तो तसाच ठेवला. धूळ, तिला वाटलं, असू दे. दुसऱ्या कडव्यानंतर तिला सेट दिसेनासा झाला. मान कुठे झुकली, हात कुठे गेला, तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्यात इतका हलकेपणा होता की ती आडवी झाली तेव्हा खरोखर कुठेतरी उतरल्यासारखी झाली. डोळे मिटले. कितीतरी वेळ कुणी 'कट' म्हणालं नाही. मग दिग्दर्शक तामिर ते म्हणाला, अगदी हलक्याने, आणि रंगभूषेच्या अझीझाने मोठ्याने नाक शिंकरलं, आणि प्रकाशवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "आमच्या आजीला पाहिलं राव आज."

ती उठणार तोच तामिर पलंगाशी गुडघे टेकून बसला. चाळिशीचा, सभ्य, कधी आवाज न चढवणारा. त्याचे डोळे ओले होते.

"मॅडम, याच्यावर मी काही बोलत नाही. बोलायची माझी लायकी नाही. फक्त तशाच पडून राहा. कॅमेरा हलवलेला नाहीये."

"का?"

"जोडीला आणखी एक टेक घेऊन ठेवतो. सकाळ झाली, खिडकीतून ऊन आलं, बाहेरून फुआद हाक मारतो आणि तुम्ही डोळे उघडता. एवढंच. गाणं तेच राहील, तुमचं सगळं तसंच राहील. नुसती खबरदारी."

"वजदीने सांगितलं?"

तामिरने पलंगाच्या लाकडाकडे पाहिलं. "वापरणार नाहीच आहोत," तो म्हणाला.

ती पडून राहिली. वर पुठ्ठ्याचं छत होतं आणि त्याच्या वर दिव्यांच्या कांबी, आणि कांबीवर एक माणूस पाय सोडून वाट बघत होता. उठून जाता आलं असतं. चपला पलंगाखालीच होत्या. पण चाळीस माणसं सकाळपासून उपाशी होती, जेवणाचे डबे बाहेर रांगेत मांडले होते, तोफ व्हायला वीस मिनिटं होती, आणि तमाशा करणारी बाई म्हणून तिची कधी ख्याती नव्हती. शिवाय दुसरा उपाय होता, अगदी सोपा. डोळे उघडायचे नाहीत. हाक मारू दे किती वेळा मारायची ती. मेलेल्या बाईला कोण जबरदस्ती करणार? पुन्हा घेऊ म्हणतील, पुन्हा उघडायचे नाहीत. अजान होईल, सगळे जेवायला पळतील. हे ठरल्यावर तिला बरं वाटलं. तिने समीहाचा चष्मा आठवला, तिने सदऱ्याची परत घातलेली घडी आठवली. खिडकीबाहेरचा दिवा लागला, पापण्यांतून लाल उजेड आत आला. ऊन. "चालू," तामिर म्हणाला.

"अम्मा," फुआद म्हणाला. फुआद म्हणजे रामी, विसाव्या वर्षी आलेला, आता बत्तीस वर्षांचा आणि दोन मुलींचा बाप. ती हलली नाही. दाराची कडी वाजली. "अम्मा, ईद आली." ती हलली नाही. त्यानंतर कागदावर काही नव्हतं, आणि रामी अडकला. त्याने थांबून वाट पाहिली. तिला त्याचा श्वास दाराच्या फळीवर आदळताना ऐकू येत होता. मग तो पुन्हा म्हणाला, "अम्मा?", आणि या वेळी ते त्याने पाठ केलेलं नव्हतं. खरोखर काही झालं की काय, असं त्याला वाटलं होतं.

तिने डोळे उघडले.

नुसते उघडले असते तरी चाललं असतं. पण ते उघडताना ती आधी छताकडे पाहतच राहिली, जसं माणूस रोज सकाळी सवयीने पाहतो, आणि मग तिचा उजवा हात कुणी न सांगता चादरीवरून हळूहळू सरकत शेजारच्या उशीच्या खळग्यापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि आठवलं तसा मागे आला. मागे येताना बोटं मिटली. "येते रे," ती दाराकडे म्हणाली, कोरड्या, रोजच्या आवाजात. कांबीवरच्या माणसाने पाय हलवायचे थांबवले. कॅमेऱ्यामागे तामिरने तोंडावर हात दाबून धरला होता. आणि तिच्या आत जी लिहिणारी बाई होती, जिने पहिल्याच सकाळी एका बैठकीत तो शेवट लिहिला होता, तिला त्याच वेळी, लख्ख, कळलं की हे त्याहून चांगलं झालं आहे.